जॅकवेलवरचा दिवा

"वाची दखाडा साहेब. बारीक अक्षर मन्हा डोयाले दिसत नही."

मंगलाबाई जॅकवेलच्या पायरीवर बसून मेथी निवडत होती. बंधाऱ्याच्या ऑफिसातला तरुण इंजिनिअर हेमकांत दोन पायऱ्या खाली उभा राहिला आणि त्यानं नोटीस वाचायला घेतली. तापीच्या पात्रातल्या टेकाडावर, नदीचं पाणी उपसायला बांधलेली ही गोल सिमेंटची इमारत धोकादायक झाली आहे. बंधाऱ्याची दारं बंद झाली की टेकाडाला चहूकडून पाण्याचा वेढा पडतो. तरी इथं राहणाऱ्यांनी सात दिवसांत जागा सोडावी, नंतर कुलूप लावण्यात येईल.

"आनि दिवा?" मंगलाबाईनं विचारलं.

"मावशी, आता पूल होतोय ना. नदीत नावच चालणार नाही, तर दिवा कशाला?"

मंगलाबाईनं वरच्या अंगाला पाहिलं. पुलाचे सहा खांब सहा वर्षांपासून नुसते पाण्यात उभे होते. प्रत्येकावर एकेक पाणकावळा पंख वाळवत बसला होता.

"त्यावर पाणकावळे बठतस," ती म्हणाली. "मानसे कवय चालतीन?"

हेमकांतनं पेन पुढे केलं. तिनं हात पदराला पुसले, सावकाश सही केली आणि सहीच्या खाली आणखी दोन शब्द लिहिले.

"हे काय लिहिलंत?"

"नोटीसना जवाब."

त्यानं कागद फिरवून पाहिला. शाळेतल्या पोरीसारख्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'दिवा लागी.'

आत खाटेवर पडलेला तिचा नवरा चुडामण हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

चुडामण, गावाचा नाना, इथला पंप ऑपरेटर. चौदा वर्षांपूर्वी कार्तिकातल्या एका धुकट संध्याकाळी पलीकडच्या बाजाराहून येणारी नाव जुन्या घाटाच्या बुडालेल्या पायऱ्यांवर आदळली. हा तेव्हा मोटारीपाशी होता. माणसांच्या हाका त्याला ऐकू येत होत्या, पण कुठून येतात ते कळत नव्हतं. तो जॅकवेलच्या कठड्यावरून नुसता ओरडत राहिला. भाजी विकणारी फुलवंताबाई आणि आणखी दोघं गेली. त्यातलं कुणी त्याच्या नात्यागोत्याचं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रॅक्टरचा जुना हेडलाइट आणून कठड्याला बांधला.

पुढं शेतीला पाणी देणारी सोसायटी बुडाली, मोटारी गेल्या, वीज तोडली. दिवा राहिला. फवारणीच्या पंपाची बॅटरी, ती चार्ज करायला सोलरची एक छोटी पाटी, बस्स. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मंगलाबाई रोज संध्याकाळी डबा घेऊन यायची. पाणी चढलं की परत जाता यायचं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तिनं चूलच इथं मांडली. ऑक्टोबर ते मे दोघं बेटावर, पावसाळ्यात गावात. लोक त्यांना खुळे म्हणायचे आणि त्यांच्या उजेडानं घरी यायचे.

नोटीस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी चुडामणला धाप लागली. मुलगा भाग्येश नंदुरबारला मिरचीच्या वखारीत कामाला. तो गाडी घेऊन आला. नावाडी जान्यानं चुडामणला उचलून नावेत बसवलं. मंगलाबाई पिशवी घेऊन मागोमाग निघाली, तर चुडामणनं हात वर केला.

"तू कथा चालनी? दोन्ही गयात त दिवा कोन लाई?"

"लाई कोनीबी."

"कोन? नाव सांग."

तिनं पिशवी नावेत ठेवली आणि ती मागं सरली.

"मी चार दिनमा येस," तो म्हणाला.

ती राहिली. रागानं राहिली. तीन संध्याकाळी तिनं दिवा लावला आणि तिन्ही संध्याकाळी त्याला मनातल्या मनात बोल लावले. चौथ्या दिवशी दुपारी जान्याची नाव रिकामीच आली. जान्या वर आला नाही. गुडघाभर पाण्यात उभा राहून नावेची दोरी हाताला गुंडाळत राहिला. मंगलाबाईनं चुलीवरची भाकरी उतरवली, विस्तवावर पाणी ओतलं आणि नावेत जाऊन बसली.

दुपार कलताना नदीकाठीच त्याला अग्नी दिला. घर बायकांनी भरलं. सूर्य खाली आला तशी मंगलाबाई उठली. जाऊ शीलानं तिचं मनगट धरलं.

"जिजी, आज उंबरा वलांडानं नही. लोके काय म्हनतीन?"

"लोके आज बजारले गयात. अंधार पडावर येतीन."

भाग्येश दारात आडवा झाला. त्याचे डोळे सुजले होते. "माय, एक दिन दिवा नही लागा त काय व्हई?"

"तुन्हा बापनी चौदा वरीसमा हाऊ सवाल कोनले इचारा नही." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "त्यानी माले तठे ठेवं. मी त्याना तोंडमा पानी घाली शकनू नही. आते दिवाबी नही लावा, त मी तठे कसाले ऱ्हायनू?"

भाग्येश बाजूला झाला.

जान्यानं तिला बेटावर सोडलं आणि बाजारकरी आणायला पलीकडे गेला. जॅकवेलच्या दाराला नवंकोरं कुलूप होतं. सात दिवस संपायला अजून दोन होते, पण सगळे स्मशानात असताना ऑफिसच्या माणसांनी रिकामी जागा पाहून काम उरकलं होतं. मंगलाबाईनं चुलीचा दगड उचलला. पाचव्या घावाला कडी निखळली.

दुसऱ्या दिवशी हेमकांत आला. "कुलूप कोणी तोडलं?"

"मी. लिखा, मंगलाबाई चुडामण पाटील."

"गुन्हा दाखल होईल, मावशी."

"व्हऊ द्या. पन पोलिसले सांगा, दिवस बुडाना आगुदर या. मंग माले काम ऱ्हास."

त्यानं दुसरं कुलूप लावलं. संध्याकाळी तिनं तेही तोडलं. दिवाळीपर्यंत अशी चार झाली. पाचव्या खेपेला हेमकांत कुलूप न घेताच आला. नाना गेल्याचं त्याला उशिरा कळलं होतं. त्यानं रिकाम्या खाटेकडे पाहिलं आणि विचारलं, "दिवा किती वाजता लावता?"

"दिवस बुडाना की."

त्यानं वहीत लिहून घेतलं. त्याचं पुढं काय झालं ते तिला कळलं नाही. नोटीस रद्द झाल्याचा कागद काही आला नाही, आणि कुलूपही पुन्हा आलं नाही.

बाजाराची नाव बेटापाशी आली की जान्या "ओ नानाऽ" अशी हाळी द्यायचा आणि चुडामण वरून वाट सांगायचा. तो गेल्यापासून जान्या बेटावरून मुकाट जाई. पण एका शनिवारी धुकं दाट होतं, नाव भरलेली होती, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"ओ नानाऽ!"

वल्हं पाण्यातच थांबलं.

"हां," मंगलाबाई वरून म्हणाली. "डावे हातले धर. घाटन्या पायऱ्या उजवीकडे."