मंजुळाबाईंकडची खुर्ची

मला मंजुळाबाईंचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. नांदेडच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला उमरीच्या एका रडूबाईचा हेवा वाटावा, म्हणजे कमालच झाली.

आठवड्यातून तीनदा आमच्या खाटा शेजारीशेजारी. चार चार तास रक्त मशीनमधून फिरत असतं. मंजुळाबाई सुई टोचायच्या आधीच रडायला लागतात. मग डॉक्टर निळी प्लॅस्टिकची खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसतात. झोप लागते का, जेवण जातं का, सगळं विचारतात. "उदासी हाही आजारच आहे मावशी, डायलिसिस चालू असलेल्या पुष्कळांना होतो," असं सांगून त्यांनी गोळ्याही सुरू केल्या.

माझ्याकडे मात्र उभ्याउभ्याच. "मॅडम म्हणजे आमच्या आदर्श पेशंट." दोन डायलिसिसच्या मधे जेवढं पाणी प्यावं तेवढं वजन वाढतं; माझं दीड किलोच्या वर कधी गेलं नाही. मंजुषा सिस्टर नव्या पेशंटना माझे आकडे दाखवते आणि मी आपली हसते. घरी दोन महिने झाले, भिंतीकडे तोंड करून पडून असते. सुनेनं भाजी कोणती करू विचारलं तरी उत्तर द्यायचं जिवावर येतं. उद्या उठलेच नाही तर बरं, असंही वाटून गेलंय. पण आदर्श पेशंटनं हे सांगायचं कुणाला?

रविवारी मी मोजायचा पेला बाजूला सारला आणि तांब्याच तोंडाला लावला. म्हटलं, वजन वाढेल, डॉक्टर रागावतील, आणि रागवायला तरी खाली बसतील.

सोमवारी काट्यावर चार किलो जास्त निघाले. मला धाप लागली होती. मंजुषा सिस्टर म्हणाली, "सर, काटा बिघडला वाटतं. मॅडमचं एवढं येणारच नाही."

"दुसरा मागवा," डॉक्टर म्हणाले आणि खुर्ची घेऊन मंजुळाबाईंकडे वळले.

मला इतका राग आला की डोळे भरून आले. खाटेवर येऊन बसले आणि कुणी बघायच्या आत ते पदरानं पुसले.

"काटा चांगला हाय," मंजुळाबाई खाटेवरून म्हणाल्या. "आत्ता मीच उभी राहिले की त्याच्यावर. बाईंचे पाय बघा, लई सुजलेत." मग माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्हाला बी झोप न्हाई ना? नुस्ते डोळे मिटून पडता. मी रोज बघून राहिले."

मी साडी पायांवर ओढून घेतली.

मंजुळाबाईंनी मोकळ्या हातानं खुर्ची माझ्या खाटेकडे ढकलली. "आज तिकडं बसा, डाक्टरसाब."

डॉक्टर बसले. माझ्या पायावर बोट दाबून पाहिलं.

"झोप लागते का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि मंजुळाबाईंपेक्षा मोठ्यानं रडले.