नखाची खूण

बेकरीत रोज कामाला हात लागण्याआधी एक हुकूम सुटायचा, "पंजे!" पीठ मळणाऱ्या सहा जणी रांगेत हात पुढे करायच्या आणि मुकादम नखं तपासत जायचा. त्या दिवशी तो रांगेतल्या सगळ्यांत जुन्या पीठकाकूंपाशी थांबला तो थांबलाच.

काकूंच्या अंगठ्याच्या नखावर शिवणाच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे पडले होते, शेजारची दोन नखं पिवळी नि जाड झाली होती. मुकादमाने नाक मुरडलं. ही बुरशी आहे, पिठात उतरेल, म्हणाला. नखं नितळ होईपर्यंत मेजाला हात लावायचा नाही, ट्रे घासायचे.

बावीस वर्षं मेजावर काढलेल्या बाईला मोरीवर बसवलं. मेजावरचं मळण्याचं काम कुणीही केलं असतं, पण पीठ भट्टीत कधी घालायचं हे काकूच सांगायच्या. फुगलेल्या गोळ्यात अंगठ्याचं नख टेकवायचं. खूण झटकन भरली तर पीठ कच्चं, भरलीच नाही तर जास्त फुगून उतरलेलं. आणि सासरी आलेल्या नव्या नवरीसारखी हळूहळू वर आली तर भट्टीत. देवाने एवढी एकच विद्या दिली, असं काकू म्हणायच्या, आणि तीच मुकादमाने काढून घेतली.

नखं बरी होत नाहीत तोवर मेज नाही, म्हणून काकू ज्याचं त्याचं ऐकू लागल्या. मोरीवरच्या बाईने त्यांच्या करंगळीच्या नखावरचे पांढरे ठिपके दाखवून सांगितलं, कॅल्शियम कमी आहे, दूध प्या. काकूंनी महिनाभर तांब्या तांब्या दूध ढोसलं. पोट बिघडलं, ठिपके होते तिथेच. मग कुणाचं ऐकून त्यांनी नखांवर लिंबू चोळलं, ट्रे घासायच्या सोड्याने चिरलेली बोटं आणखी चुरचुरली.

हा झाला पूर्वरंग. खरा घाव घातला तो लाडक्या नणंदेने. ती पार्लरवाली, म्हणजे घरातला शेवटचा शब्द तिचा. म्हणाली, "वहिनी, मुळाशी ही मेलेली कातडी चिकटलीये ना, तिच्यामुळे नखाचा श्वास कोंडतो. थांब, मोकळं करते." आणि बारीक कात्रीने दहाही बोटांची कातडी कोरून काढली. तिसऱ्या दिवशी मधलं बोट भोपळ्यासारखं सुजलं नि पू धरला.

तेव्हा कुठे काकू डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी पू काढला, नखाचा तुकडा तपासायला पाठवला, आणि काकूंचं श्वासाचं पुराण ऐकून विचारलं, "नखाला नाक असतं का हो? त्याला लागतं ते खालचं रक्त पुरवतं. आणि मुळाशी असते ती कातडी म्हणजे दाराची फट बुजवणारी पट्टी. ती कापलीत, जंतू आत आले." पांढरे ठिपके बहुतेक वेळा मुका मार लागून येतात, नखाबरोबर वाढून निघून जातात, हेही सांगितलं. आठवड्याने अहवाल आला. बुरशी नव्हतीच. सोरायसिस, कातडीचा आजार, नखात उतरलेला. कुणालाही न लागणारा. औषध महिनोन् महिने घ्यायचं, नखं आखूड ठेवायची, पाण्यातलं काम शक्यतो टाळायचं.

म्हणजे ज्या मोरीवर बसवलं तीच मुळावर आली होती. काकूंना नखशिखांत संताप आला, आणि त्याची सुरुवात खरोखरच नखापासून झाली. नणंदेला त्यांनी एवढंच सांगितलं की बाई, माझ्या हाताला आता कात्री लावलीस तर तुझी वेणी कापीन. ती रडली, काकूंनीच तिचे डोळे पुसले. मुकादमासाठी मात्र राग जपून ठेवला.

बोट पुरतं भरून आल्यावर त्या कागद घेऊन बेकरीत गेल्या. त्यांना मेजावरून हटवल्यापासून पीठ मुकादमच बघायचा, आणि पाव विटांसारखे निघत होते, गिऱ्हाइकं परत आणून टाकत होती. मुकादमाने अंगठा चघळत कागद वाचला. म्हणाला, "कागद ठीक आहे हो काकू. पण दिसायला बरं दिसत नाही ना. तुम्ही ट्रेच बघा."

"पंजे दाखवा, मुकादम."

तो हसला. बाकीच्या पाच जणी हसल्या नाहीत. काकूंनी त्याचं मनगट धरून हात उजेडात आणला. पाचही नखं मांसापर्यंत कुरतडलेली. तोच अंगठा त्यांनी मेजावरच्या गोळ्यात दाबला. नखाची खूण उमटलीच नाही, नुसता ओला खड्डा पडला.

"इतके दिवस ह्याच बोटाने पीठ बघत होतात ना? तोंडातून काढायचं नि गोळ्यात घालायचं. आणि बुरशी माझ्या नखात?" काकूंचा आवाज चढला नव्हता. "माझ्या कामाच्या गळ्याला नख लावायला निघालात. त्यालासुद्धा नख असावं लागतं."

तो अख्खा गोळा त्यांनी उचलून कचऱ्याच्या पिंपात घातला. कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले आणि आपल्या जागी उभ्या राहिल्या. त्यांना हटवायला कुणी पुढे आलं नाही. मुकादमाचा हात सवयीने तोंडाकडे निघाला, सगळ्या बघताहेत हे कळून अर्ध्या वाटेत थांबला, खिशात गेला.

काकूंनी दुसऱ्या गोळ्यात खळग्यांचा अंगठा टेकवला. खूण हळूहळू वर आली. राग उतरला नव्हता.

"भट्टीत," त्या म्हणाल्या.