बब्रुवानचा वाकडा चाटू

माझा धाकटा भाऊ बब्रुवान याला जरा फुरसत मिळाली की तो चाटू करायला बसतो. बांधावरची बाभळीची फांदी आणायची, दारात फतकल मारायची आणि कुऱ्हाड चालवायची. दिवस मावळेपर्यंत अंगणभर ढलप्या आणि हातात एक लांब दांड्याची लाकडी पळी. सुताराकडं वाकस असतो, पटाशी असते. हा शहाणा सगळं कुऱ्हाडीनंच करतो. कुऱ्हाडीच्या कोपऱ्यानं टोचून टोचून पळीचा खोलगा काढतो आणि शेवटी फुटक्या काचेनं खरवडून ती गुळगुळीत करतो.

आता पिठलं हाटायला एका घराला चाटू लागतात तरी किती? आमच्या सगळ्या वाशी गावात वाटून झाल्यावर लोक याला बघून गल्ली बदलायला लागले. बँकेतल्या साहेबांची बदली झाली तेव्हा सगळ्यांनी शाली दिल्या, यानं चाटू दिला. पाठ खाजवायला बरा आहे, असं साहेब म्हणाले. बब्रुवान पुढं कितीतरी दिवस नीट जेवला नाही.

कारण त्याचा एक हट्ट आहे. तो हात बघितल्याशिवाय चाटू करत नाही. ज्याला द्यायचा त्याला आधी रिकाम्या पातेल्यात पळी फिरवायला लावतो. मनगट कसं वळतं, जोर कुठं पडतो ते डोळे बारीक करून बघतो आणि तसाच बाक असलेली फांदी शोधत शिवारभर हिंडतो. असा चाटू पाठ खाजवायला वापरला तर माणूस जेवेल कसा?

हे सगळं मी हसत सोसलं असतं, पण माझ्या भाचीच्या, म्हणजे त्याच्या प्रतीक्षाच्या लग्नात त्यानं जे केलं ते ऐका.

प्रतीक्षा डावरी आहे. लिहिते डाव्या हातानं, भाकरी थापते डाव्या हातानं, लहानपणी मला चिमटे काढायची तेही डाव्याच हातानं. एवढ्यावरून दोन स्थळं परत गेली. 'देवाचा नैवेद्य डाव्या हातानं करणार का?' असं विचारून गेली. मी असते तर पोह्यांची बशी त्यांच्या डोक्यावर उपडी केली असती, पण वहिनीनं मला त्या दिवशी मुद्दाम बोलावलं नव्हतं.

मग लोहारा गावचा कुमार आला. खताचं दुकान आहे त्याचं. मुलगा हसरा, चहात बिस्कीट मोडून बुडालं तर सरळ बोट घालून काढणारा. प्रतीक्षा आत येऊन माझ्या कानात म्हणाली, "आत्या, झालं तर हेच." पण कुमारच्या आजीची, नागम्मांची, अट होती की नातसून उजव्या हाताची पाहिजे. नागम्मा नव्वदीच्या, पण घरात अजून त्यांच्याच शब्दावर दूध उतू जायचं थांबतं म्हणे. राजेश्वरी वहिनीनं डोळ्यांची पापणी न लवता सांगितलं, "आमची पोरगी उजवीच हाय."

झालं. तेव्हापासून पोरीचं शिक्षण सुरू झालं. उजव्या हातानं जेवण, उजव्या हातानं वाढप. वरण ताटापेक्षा सतरंजीलाच जास्त मिळायचं. घरातल्या सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. बब्रुवाननंही देवापुढं हात ठेवून शपथ घेतली की एक शब्द बोलणार नाही. आणि तो खरंच बोलला नाही.

लग्न वाशीतच, मंगल कार्यालयात. रुखवताच्या टेबलावर लाडू, करंज्या, थर्माकोलचं देऊळ आणि बाहुला-बाहुली मांडलेली. सगळ्यांच्या पुढं, लाल कापडावर, एक चाटू. आदल्या रात्रीपर्यंत तो तिथं नव्हता. मी जवळ जाऊन बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली. दांडीचा बाक डावीकडं, पळीची तिरकी कड डावीकडं. पोरीचा हात जसा चालतो तसाच चाटू त्यानं तासला होता. आपण सगळ्यांनी मिळून खोटं बोलायचं ठरवलंय, हे त्या कुऱ्हाडीला कुणी सांगितलंच नव्हतं!

तो पदराखाली लपवावा म्हणून मी हात घातला, तेवढ्यात कुमारची आई, उमादेवी, मागून आल्या आणि त्यांनी तो उचललाच. "आगं बया, चाटू! आमच्याकडं आता असं कोण करतंय?" असं म्हणत त्या थेट स्वयंपाकाकडं निघाल्या. तिथं नैवेद्याची हुग्गी वेगळ्या पातेल्यात शिजत होती. गव्हाची ही खीर उमादेवींच्या हातची लोहाऱ्यात नावाजलेली, त्यामुळं वाशीच्या आचाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी, वहिनी, बब्रुवान आणि मुंडावळ्या बांधलेली प्रतीक्षा, अशी आमची वरात त्यांच्या मागं.

उमादेवींनी चाटू उजव्या हातात धरून पातेल्यात फिरवला. कड तळाला लागेना. हुग्गी बुडाला धरल्याचा वास यायला लागला. त्यांनी चाटू उलटा केला, तर खोलगा मागं गेला. परत सुलटा केला, तर मनगट पिळवटलं. "पाव्हणं," त्या बब्रुवानला म्हणाल्या, "चाटू वाकडा हाय की वं तुमचा."

बब्रुवानचे कान लाल झाले. उभ्या जन्मात त्याच्या चाटूला वाकडा कुणी म्हणालं नव्हतं. तो तोंड उघडणार हे दिसताच वहिनीनं असे डोळे वटारले की आचारीसुद्धा मागं सरकला. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. त्यानं एकदा चाटूकडं बघितलं, एकदा लेकीकडं. मग मान खाली घालून म्हणाला, "व्हय विहीणबाई. चुकलाच त्यो. म्या वाकडाच केला."

त्याला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण त्या क्षणी त्याच्या दंडावरचा चिमटा मी सोडून दिला. बाप मेला तेव्हाही त्याचा आवाज असा गेला नव्हता.

"न्हाय चुकला," प्रतीक्षा म्हणाली. हातभर चुडा, मेंदी, मुंडावळ्या, सगळ्यासकट ती पुढं झाली. तिनं उमादेवींच्या हातातला चाटू घेतला, डाव्या हातात धरला आणि पातेल्यात फिरवला. कड तळाला अशी बसली की बुडाला धरलेली हुग्गी एका फेऱ्यात सुटून वर आली. "मामी," ती सासूला म्हणाली, "आमी खोटं बोललो. म्या डावरी हाय. पर आप्पांचा चाटू वाकडा न्हाय."

वहिनी मटकन गव्हाच्या पोत्यावर बसली. बाहेर गुरुजी मुलीला बोलवा म्हणून ओरडत होते. मला वाटलं, गेलं हेही स्थळ, आणि या वेळी तर मांडवातून.

उमादेवी पोरीचा फिरणारा हात बघत राहिल्या. मग त्यांनी दारातून बाहेर डोकावलं. मांडवात पहिल्या खुर्चीवर नागम्मा तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. उमादेवी परत आल्या, त्यांनी दार लोटलं आणि पदराखालून हात काढून बब्रुवानपुढं धरला. डावा.

"माझा बी बघा की वं हात," त्या हळूच म्हणाल्या. "नवी नवरी हुते तवा सासूबाईंनी ह्याच्यावर उलथनं तापवून ठिवलं हुतं. तवापासून ह्यो पदरातच हाय."

मनगटावर एक जुना, पुसट डाग होता. पोरीचं लग्न, गुरुजींचा आरडाओरडा, सगळं विसरून बब्रुवान डोळे बारीक करून म्हणाला, "जरा पातेल्यात फिरवून दावा, विहीणबाई."

उमादेवींनी प्रतीक्षाच्या हातून चाटू घेतला. पहिला फेरा अडखळला. दुसऱ्याला मनगट सुटलं आणि त्या चक्क हसल्या.

"बाक थोडा कमी लागंल," बब्रुवान म्हणाला. "बोरीची फांदी हाय माझ्या नजरंत. पुढल्या सोमवारी आणून देतो."

"द्या. आन् आमा दोघींत मिळून एक उजव्या हाताचा बी करा," उमादेवी म्हणाल्या. "सासूबाई जाग्या असल्या म्हंजी त्यो लागंल."