आतून शिवलेली गाडी

माझा साडू सोफे शिवतो. त्याच्या सोफ्यात टाका कुठे आहे ते शोधायला बसलेली माणसं तिथेच म्हातारी झालीत, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सांधा दिसला तर कारागीर कसला, असं तो म्हणतो, आणि म्हणताना छाती अशी फुगवतो की शर्टाची बटणं समोरच्याला लागतात.

त्याने जुनी मालवाहू व्हॅन घेतली. बायकोला घेऊन देश फिरायचा, गाडीतच झोपायचं, असा बेत. पण माझी मेव्हणी त्या गाडीत एकदा बसली, पत्र्याचा खडखडाट ऐकला आणि खाली उतरून म्हणाली, "आयुष्यभर तुमची हातोडी ऐकली. आता डब्यात बसून डबा ऐकू? गाडी गप्प करा, मग येते. नाहीतर तुम्ही एकटेच जा."

साडू हट्टाला पेटला. आधी पत्र्यावर काळे, चिकट पट्टे लावले आणि रुळाने दाबून दाबून बसवले. त्यावर फोम, फोमवर लोकरीचा जाड थर, त्यावर प्लायवूड, आणि सगळ्यावर राखाडी मखमल. मागची दारं त्या थरांखाली कायमची बंद केली. ड्रायव्हरच्या सीटमागेही तशीच भिंत घातली. राहिलं ते बाजूचं सरकतं दार.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने मला मदतीला बोलावलं. गोंद लागू नये म्हणून आमचे फोन बाहेर खुर्चीवर ठेवले. दार आणि भिंत यांच्यामधल्या फटीवर मखमल ताणायची होती, आणि दार बंद असल्याशिवाय ती नीट ताणली जात नव्हती. साडूने दार ओढून घेतलं. मी कापड धरलं, त्याने गोंद फिरवला, कडा दुमडल्या, आतली कडीसुद्धा मखमलीखाली झाकली आणि तळहाताने सगळं गुळगुळीत केलं. मग दिवा वर धरून डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "साडूबुवा, सगळे सोफे मी बाहेरून बंद केले. आतून बंद केलेला हा पहिलाच!"

"झकास," मी म्हणालो. "आता बाहेर कसं जायचं?"

तो हसला. मग हसायचा थांबला.

आम्ही ओरडलो. साडूच्या आवाजाने एरवी शेजारच्या गल्लीतली मांजरं पळतात, पण इथे त्याचा शब्द तोंडातून निघायचा आणि पायापाशी पडायचा. भिंतीवर बुक्क्या मारल्या, तर उशीवर मारल्यासारख्या. आत एक डास होता. त्याला स्वतःची गुणगुण ऐकू येईना, म्हणून बिचारा चावायचं विसरून माझ्या गुडघ्यावर विचार करत बसला. माझी छाती धडधडायला लागली तसा साडू वैतागला, "जरा हळू वाजवा की!"

गोंदाचा वास डोक्यात चढत होता. गरम तर इतकं होत होतं की मिशी ओघळून हनुवटीला टेकली.

"कात्री द्या," मी म्हणालो.

"कशाला?"

"कापड कापायला! कडीजवळ."

साडूने कात्री शर्टाच्या आत घातली. "हे कापड पुन्हा मिळत नाही. ताग्यातला शेवटचा तुकडा होता. उद्या निघायचंय. ती आत पाऊल टाकेल आणि तिला काय दिसेल? चीर?"

"आणि दोन मेलेली माणसं दिसली तर चालेल?"

"थोडं थांबू. ती चहाला बोलावेलच."

"बोलावेल, पण आपल्याला ऐकू कसं येणार, शहाण्या?"

हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. चेहरा उतरला, पण हात कात्रीवरच. मला आता पुरता श्वास मिळेना. मी झेप घेतली, त्याने माझा कान धरला, मी त्याची कॉलर धरली, आणि आम्ही दोन म्हातारे त्या मखमली खोक्यात असे लोळलो की गाडी डुलायला लागली. शेवटी कात्री माझ्या हातात आली. मी टोक कापडाला लावलं, तर साडू हात जोडून म्हणाला, "नका हो. ती यायचं नाही म्हणेल. मला एकट्याला नाही जायचं."

माझा हात थबकला. ओरडला असता तर मी कापलं असतं. त्याने विनवलं, तिथे माझी पंचाईत झाली.

आणि तेवढ्यात चर्र्र! दार सरकलं. ताणलेली मखमल वरपासून खालपर्यंत फाटली आणि उजेड आत कोसळला. बाहेर मेव्हणी, कमरेवर हात.

"कधीची हाका मारतेय! दोघांचेही कान गेले का? आणि भावोजी, गाडी कशाला हलवताय? शेजारीण विचारतेय, आत म्हैस बांधलीय का?"

साडू धापा टाकत म्हणाला, "आमच्या हाका ऐकू आल्या का तुला?"

"कसल्या हाका?"

त्याही अवस्थेत त्याची छाती फुगली. मग नजर फाटलेल्या कापडावर गेली आणि हवा निघून गेली.

मेव्हणीने चीर पाहिली. बोटं आत घातली, कडीवरचं कापडही ओढून काढलं, आम्हाला बाहेर उतरवलं आणि स्वतः आत बसून दार ओढून घेतलं.

आम्ही अंगणात घाम पुसत उभे. तिने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. ती काही बाहेर येईना.

"ठोठावू का?" साडू म्हणाला.

"कोणाला ऐकू जाणार?"

"रागावली असेल?"

मला काय माहीत! मी साय बाजूला करून चहा प्यालो. साडूने आपल्या कपाला हातही लावला नाही. तो दाराकडे बघत होता, लग्नाआधी मुलीच्या घराकडे बघावं तसा.

शेवटी कडी वाजली. मेव्हणीचा चेहरा झोप झाल्यासारखा निवांत दिसत होता.

"येते मी," ती म्हणाली. "सकाळी लवकर निघू."

साडू आनंदाने सुईदोरा आणायला धावला.

"अहो, थांबा. ती चीर शिवायची नाही."

"अगं, सगळं दिसतंय! दार कुठे आहे ते लांबूनही कळतंय!"

"कळू दे," ती म्हणाली आणि त्याचा गार झालेला चहा परत गरम करायला घेऊन गेली.