बाणाच्या टोकाशी

खोटं तुम्ही बोललात. रस्ते खात्याच्या साहेबांनो, तुम्हीच. नुसतं तोंडाने बोलून मोकळे झाला असता तर एक वेळ चाललं असतं. तोंडचं खोटं वाऱ्यावर जातं. तुम्ही ते पत्र्यावर, पक्क्या रंगात, दुसऱ्याच्या हातून लिहून घेतलंत. आणि ज्याच्या हातून घेतलंत त्याने जन्मात एकही खोटा बोर्ड रंगवला नव्हता. म्हणून ही गोष्ट तुमच्या दारात आणून टाकली आहे. ऐका, नाहीतर कानात बोटं घाला. शेवटी उत्तर मात्र द्यावं लागेल.

त्याला सगळे पेंटर म्हणत. बायकोसुद्धा रागावली की पेंटर म्हणे, आणि ती बहुतेक वेळ रागावलेलीच असे. बाजारामागच्या गल्लीत त्याचं एका खोलीचं वर्कशॉप होतं. भिंतीला टेकवलेले पत्रे, टर्पेन्टाइनचा वास, खिडकीत उलटे वाळत घातलेले ब्रश. कामाची वाटणी लग्नापासूनची: अक्षराची कड तो आखायचा, आतला रंग बायको भरायची. "कड माझी, पोट तिचं," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "म्हणून आमची अक्षरं खाऊनपिऊन सुखी दिसतात."

उस्तादाने त्याला एकच नियम शिकवला होता. वस्तू आधी, बोर्ड मागून. दुकानाचं शटर उघडलेलं, माल लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच ब्रश उचलायचा. नसलेल्या गोष्टीचं नाव लिहिणारा पेंटर आणि खोटी साक्ष देणारा माणूस, दोघे एकाच माळेचे मणी. एका दातांच्या डॉक्टरला त्याने दारातून परत पाठवलं होतं. "आधी तुमची खुर्ची येऊ द्या डॉक्टर, मग तुमच्या बोर्डावर दाढ काढतो." डॉक्टर चिडला, पण खुर्ची आल्यावर पुन्हा ह्याच्याकडेच आला.

मग डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू. दोन्ही बाजूंचं दिसणं आधी गेलं; समोरचं तेवढं उरलं, तेही नळीतून बघितल्यासारखं. शेजारी ठेवलेला चहाचा कप लवंडायला लागला. बायको ओरडायची आणि मग स्वतःच पदराने पुसायची. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही. उरलेलंही फार टिकेल असं वाटत नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या."

बायकोला वाटलं, हा आता लेकीच्या लग्नाचं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "समुद्र."

"समुद्र?" बायको तिथेच, दवाखान्यात, तोंड उघडून उभी राहिली. "अहो, आयुष्यभर समुद्रच तर रंगवलात!"

तेच तर दुखणं होतं. न्हाव्याच्या भिंतीवर त्याने समुद्र रंगवला होता, आइस्क्रीमच्या गाड्यांवर रंगवला होता, फोटो स्टुडिओच्या मागच्या पडद्यावर तर असा रंगवला होता की फोटो काढायला बसलेली पोरं मागे वळून बघत. सगळे कॅलेंडर बघून. निळा डब्यातला, फेस पांढऱ्यातला. खरा समुद्र जाऊन-येऊन दिवसभराच्या अंतरावर, आणि पेंटरला दिवसभराची सवड कधी मिळाली नाही. "आपण लावला तो निळा खरा होता का, एवढं पडताळायचंय," तो म्हणाला. "आणि बघायचा तर त्या नव्या रस्त्याच्या वळणावरून. तिथे म्हणे समुद्र तिन्ही बाजूंनी दिसतो."

बाजू गेलेल्या माणसाला तिन्ही बाजूंचा समुद्र हवा होता.

नवा रस्ता त्याला माहीत होता, कारण त्या रस्त्याचे बोर्ड त्यानेच रंगवले होते. डोळे पुरते बिघडायच्या आधीचं ते शेवटचं मोठं काम. पांढऱ्या पत्र्यावर हिरवी अक्षरं: विजेच्या गाड्यांचं चार्जिंग केंद्र, आणि खाली एक ठसठशीत बाण. खात्याच्या साहेबांनी फोनवरून सांगितलं, ह्याने रंगवले, टेम्पो येऊन घेऊन गेला. मशीन बघायला तो गेला नाही. उस्तादाचा नियम त्याने तेवढ्या एकदाच मोडला. बायकोने टोकलंही होतं. तो म्हणाला होता, "अगं, न्हावी पळून जाईल, हलवाई पळून जाईल. खातं कुठे पळून जाणार आहे?"

लेकीची गाडी विजेची. एका कंपनीच्या लोकांना सकाळी कामावर सोडायचं आणि संध्याकाळी घरी पोचवायचं, हे तिचं काम. बापाचा हात थांबल्यापासून घराचं चाक त्या गाडीच्या चाकावरच फिरत होतं. वर्षभर खाडा नाही. सकाळी गाडी फाटकाशी दिसली नाही की कंपनी दुसरी लावायची, असा तिथला खाक्या. महिनाभर मिनतवाऱ्या करून तिने एक दिवस मिळवला. पहाटे निघायचं, रात्री परत.

बेत वर्कशॉपमध्ये ठरला. पेंटरने उरलेल्या एका पत्र्यावर रस्ताच काढला. काळी रेघ रस्त्याची, तिच्या कडेने निळा पट्टा, जिथे जिथे त्याचा बाण तिथे हिरवा ठिपका. शेवटच्या ठिपक्यापुढे चढ आणि चढावर वळण. तिथे त्याने समुद्राची जागा कोरीच ठेवली. "ती बघून आल्यावर भरू," म्हणाला.

लेक मोबाइल घेऊन पत्र्यासमोर उभी राहिली. "बाबा, ह्या शेवटच्या जागेला ॲपमध्ये काहीच दाखवत नाही."

"तुझा मोबाइल काल मला नदीतून घरी यायला सांगत होता."

"तेव्हा रेंज नव्हती."

"मग आताही नसेल."

"बाबा, गंमत नाही. इथून त्या बाणापर्यंत गाडी जाईल, त्याच्यापुढे तिच्यात फार दम उरणार नाही. तिथे मशीन नसलं तर आपण अडकलो."

"पोरी, तो बोर्ड माझ्या हातचा आहे. जिथे माझा बोर्ड, तिथे वस्तू."

"वस्तू बघितली होती का पेंटरसाहेबांनी?" बायको रंगाच्या डब्यांच्या मागून म्हणाली. ती नेम धरून बोलत नसे, पण नेम चुकतही नसे.

 पेंटरने लेकीला साहेबांचा नंबर लावायला लावला. स्पीकर चालू होता, तिघांनी ऐकलं.

"साहेब, मी पेंटर. त्या चढाखालच्या जागेवर मशीन बसलं ना?"

"बसलं म्हणजे? बसलंच. उद्घाटनसुद्धा झालं. आम्ही सगळे वरच्या वळणापर्यंत जाऊन आलो. काय जागा आहे!"

"चालू आहे ना पण?"

"अहो पेंटर, बोर्ड तुमचा, बाण तुमचा, आणि शंका तुम्हालाच?" साहेब हसले. फोन बंद.

पेंटरही हसला. त्या हसण्यावर सगळा बेत पक्का झाला.

जायच्या दिवशी त्याने पिशवीत एक सपाट ब्रश घेतला आणि निळ्या रंगाचा छोटा डबा. समुद्रासमोर झाकण उघडून शेजारी धरायचा, जुळतो का बघायचं. बायकोने वाटेतलं खाणं, पाणी, शाल, डोळ्यांचे थेंब असं घरदार भरून घेतलं. गाडीत लेकीने एसी लावू दिला नाही, चार्जिंग खातो म्हणून. काचा खाली केल्या तर वाराही खातो म्हणून त्याही अर्ध्याच.

"ही गाडी आहे की आजारी सासू?" बायको घाम पुसत म्हणाली. "हे सोसत नाही, ते चालत नाही."

पेंटर मात्र पुढच्या सीटवर पोरासारखा बसला होता. मान सतत इकडून तिकडे फिरत होती. नळीतून जेवढं सापडेल तेवढं गोळा करत होता. पहिला बोर्ड आला तेव्हा तो ओरडलाच, "हा बघ! रंग बघ, एक टवका उडालेला नाही!" तिथे थांबायची गरज नव्हती, म्हणून बाणाच्या टोकाशी काय आहे ते कोणी बघितलं नाही. पुढच्या बोर्डालाही तसंच. बोर्ड आला की ओरडायचं आणि पुढे जायचं.

चढाखालचा शेवटचा बोर्ड आला. लेकीने बाणाप्रमाणे गाडी वळवली आणि बंद केली.

सिमेंटचा एक चौथरा होता. त्यातून चार गंजके बोल्ट वर आलेले, मधे वायरची दोन टोकं टेप गुंडाळून ठेवलेली. चौथऱ्याच्या भेगेतून गवत गुडघाभर वाढलेलं. लाल फितीचा एक तुकडा बोल्टला अजून अडकला होता.

"काय दिसतंय?" पेंटरने विचारलं.

तो उतरला, हाताने चाचपत चौथऱ्यावर गेला, बोल्टवरून हात फिरवला, फीत बोटांत धरली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं आपण हसून म्हणतो. ते नाव ज्याने रंगवलं त्याचं तोंड तेव्हा कुणाला बघवलं नसतं.

समोर पंक्चरवाल्याचं दुकान होतं. तो हात पुसत आला. त्याला नवल नव्हतं. "या, वायर आहे ना तुमच्याकडे? माझ्या दुकानातल्या प्लगला लावा. रोज कोणी ना कोणी येतंच. साध्या प्लगवर गाडी भरायची म्हणजे चमच्याने विहीर भरायची, पण संध्याकाळपर्यंत घरी पोचण्यापुरतं होईल."

"आणि वर वळणावर?" लेकीने विचारलं.

"वर गेलात तर परत जाण्याचं विसरा. चढ खाऊन टाकतो सगळं." त्याने बोर्डाकडे बोट केलं. "कोणा गाढवाने रंगवलाय कोण जाणे. पण अक्षर काय आहे हो! रोज बघतो मी. असं अक्षर असल्यावर माणूस विश्वास ठेवणारच."

"ते गाढव हे काय, तुमच्यासमोर उभं आहे," बायको म्हणाली. "आणि मी गाढवीण. आतला रंग माझा."

पंक्चरवाल्याने स्टूल आणून दिलं आणि नंतर बराच वेळ कोणाकडे बघितलं नाही. वर जाणाऱ्या दोन-तीन गाड्यांना मात्र त्याने आपणहून हात केला, म्हाताऱ्याला वळणापर्यंत न्या म्हणून. एकीने वेग वाढवला. बाकीच्यांनी काचा वर घेतल्या.

मधे टेकडी होती. तिच्यापलीकडून समुद्राची गाज येत होती, वाऱ्याला मीठ होतं, आणि दिसत काही नव्हतं. पेंटर त्या बाजूला तोंड करून बसला.

दुपार कलली तेव्हा लेक त्याच्यासमोर उकिडवी बसली. "बाबा, चला, वर जाऊ. बंद पडली गाडी तर पडू दे. काम गेलं तर गेलं, दुसरं बघेन."

त्याने तिच्या तोंडावर नळी रोखली. तोंडाचे तुकडे तुकडे करून बघितले: डोळे, मग कपाळ, मग हनुवटी.

"समुद्रात काय ठेवलंय," तो म्हणाला. "शंभरदा रंगवलाय मी. तुला सांगतो, डब्यातला आणि तो, एकच."

"तुम्हाला काय माहीत?"

"पेंटर तू का मी?"

जन्मभर खोटं न लिहिलेल्या माणसाने तोंडाने खोटं बोलायला शिकून घेतलं. तेही तुमच्याच चौथऱ्यावर, साहेबांनो.

मग तो उठला आणि पंक्चरवाल्याकडे शिडी मागितली. पिशवीतला निळा डबा त्याने दाताने उघडला. बाणाच्या खाली, पांढऱ्या जागेत, तो कड आखायला लागला. रेघ उताराला लागली, पुढची अक्षरं खाली घसरली. लेक शिडी धरून "वर, बाबा, थोडं वर" सांगत राहिली. मग तो उतरला आणि बायको चढली, पदर खोचून. तिने पोट भरलं. अक्षरं उमटली: मशीन कुठे आहे? उत्तर द्या.

"वाकडं झालं का गं?" त्याने विचारलं.

"झालंय," बायको वरूनच म्हणाली. "राहू दे. सरळ लिहून काय मिळालं?"

निळा डबा संपला. अंधार पडायच्या आत ते परत निघाले.

पंक्चरवाल्याने नंतर फोन करून सांगितलं: दोनच दिवसांत खात्याची गाडी आली. शिडी होती, माणसं होती, पांढरा रंग होता. फीत कापल्यापासून ज्या जागेला खात्याचं पाऊल लागलं नाही तिथे सगळे धावत आले, प्रश्न पुसला, बाण तसाच ठेवला आणि निघून गेले. मशीन आजही नाही. गाड्या आजही वळतात.

लेकीला पुढची सुट्टी मिळाली तेव्हा पेंटरची नळी बंद झाली होती. तो पत्रा वर्कशॉपमध्ये अजून टांगलेला आहे, वळणापाशी समुद्राची जागा कोरी. बायकोकडे रंग आहेत, हात आहे. पण ती ब्रश उचलत नाही. कुठला निळा भरायचा ते तिला माहीत नाही, आणि बघितल्याशिवाय ती आता काही रंगवणार नाही.

तेव्हा साहेबांनो, काचबिंदू तुम्ही दिलात असं कोणी म्हणत नाही. तुम्ही फीत कापलीत आणि वर वळणावर जाऊन आलात, हे तुमच्याच तोंडचं आहे. तिन्ही बाजूंचा समुद्र तुम्ही बघितलात. मशीन कुठे आहे, हा प्रश्न तुम्ही पुसलात. निदान ह्या दुसऱ्याचं तरी उत्तर द्या. गल्लीत या, पेंटर दारातच बसलेला असतो. त्याच्यासमोर उभे राहा आणि सांगा: त्या वळणावरून समुद्राचा रंग कसा दिसतो? डब्यातला आहे की नाही?

बोला.