दोन घरं, एक बॉक्स

अहो, टीव्हीकडे काय बघता? त्याच्या खालच्या फळीवर बघा. मी सेट टॉप बॉक्स बोलतोय, मुक्काम मुकुटबन.

माझं काम वाटतं तितकं सोपं नाही. वणीहून खांबाखांबांवरून केबल येते. तिच्यातून सगळे चॅनेल येतात, पण कुलूपबंद. माझ्या पोटातल्या कार्डाला नंबर आहे. त्या नंबराला परवानगी आली की मी कुलूप उघडतो आणि चित्र, आवाज टीव्हीला देतो. एका वेळी एकच चॅनेल! सगळी भानगड तिथूनच झाली.

दोन हजार सतराच्या दिवाळीत केबलवाल्या विक्कीनं मला बळीरामभाऊंच्या घरी बसवलं. भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ गोविंदा राहतो. पूर्वी एकाच केबलवर दोघं आपापले चॅनेल बघत. दुसऱ्या बॉक्सचे पैसे वाचावेत म्हणून विक्कीनं गोविंदाच्या टीव्हीची वायर माझ्याच पाठीत खोचली. आता रिमोट बळीरामभाऊंकडे, आणि ते लावतील तेच पलीकडे दिसणार.

त्यात भावांचा अबोला. मागच्या साली चार बोंडं जास्त मिळतील म्हणून गोविंदानं पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मार्चपर्यंत शेतात उभी ठेवली होती. यंदा दोघांच्याही कापसात गुलाबी बोंडअळी शिरली. "त्याच्याच वावरातून आली," असं बळीरामभाऊंचं म्हणणं. आता डिसेंबर संपत आला तरी गोविंदाची पऱ्हाटी उभीच. ती तशीच राहिली तर तिच्या आसऱ्यानं पुढच्या सालीही दोन्ही घरांचा कापूस अळीच खाणार.

पण बळीरामभाऊ कसले बोलतात! त्यांनी मला कामाला जुंपलं. रोज साडेसहाला, गोविंदाच्या बायकोची, कुंदाबाईंची, मालिका ऐन रंगात असताना ते शेतीचा कार्यक्रम लावायचे. त्यातले साहेब पऱ्हाटी उपटायला सांगायचे. पलीकडून कुंदाबाई भिंतीवर लाटणं आपटायच्या.

"आयकू दे, आयकू दे त्याले," भाऊ खुशीत म्हणायचे. गोविंदा ऐकतोय की नाही, मला काय ठाऊक! मी पुढे पाठवतो, उलट निरोप मला आणता येत नाही.

अकराव्या दिवशी साहेब म्हणाले, "आता उपटलेल्या पऱ्हाटीचं काय करायचं, तर..." आणि लाइट कमीजास्त होऊन माझं अडॅप्टर जळालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचच मिनिटांत दारात गोविंदा.

"भाऊ, काहून बंद केलं?"

भाऊ रिमोटची बटणं दाबत राहिले.

"सांग ना! अर्धी पऱ्हाटी उपटून आलो मी. तिचं काय कराचं? बांधावर रचू काय?"

भाऊंच्या हातातला रिमोट खाली पडला. "बांधावर नको रचू बावा, अळी तिच्यातच राह्यते," ते म्हणाले. "बस. मी सांगतो. मले सारं पाठ हाय."

दुसऱ्या दिवशी विक्की नवं अडॅप्टर घेऊन आला, तेव्हा दोघं भाऊ वावरात उरलेली पऱ्हाटी उपटत होते. मला दाखवायला पलीकडून फक्त कुंदाबाई आल्या होत्या. मालिका बुडाल्याबद्दल त्यांनी मला दोन थापडा दिल्या. मी आनंदानं खाल्ल्या.

आता साडेसहाला दोन्ही घरांत मालिकाच लागते. तुम्हाला माझी एकच विनंती. बॉक्स बंद पडला तर लगेच केबलवाल्याला फोन करू नका. आधी शेजारी जाऊन विचारा, "तुमच्याकडे दिसतंय का?"