हरलेल्यांचा बाक

मित्रांनो, अपिलाच्या कोर्टाबाहेर वर्षानुवर्षं भिंतीला पाठ टेकून उभा राहिलेला मी एक जुना बाक आहे. खालच्या कोर्टात हरलेली माणसं 'पुन्हा एकदा बघा' असं सांगायला इथे यायची आणि पुकारा होईपर्यंत माझ्यावर बसायची. मला घडवलं तेव्हा सुताराने माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "भलाभक्कम झालाय गडी!" खोटं कशाला बोलू, मी चांगलाच फुगलो होतो.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई निकाल घेऊन बाहेर आल्या. आईच्या आजारपणात त्यांनी आपलं भाड्याचं दुकान बंद ठेवलं होतं. 'तुम्ही दुकान सोडलंत' म्हणत मालकाने ते परत मागितलं होतं. निकाल जेमतेम दोन ओळींचा होता: खालचा निकाल योग्य आहे, अपील फेटाळलं.

"माझं शिलाई मशीन आतच होतं, मग दुकान सोडलं कसं, हे सांगितलं होतं ना आपण? त्याचं काय झालं?" त्यांनी वकिलांना विचारलं.

"त्यावर काहीच लिहिलेलं नाही, ताई."

बाई माझा हात घट्ट धरून बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

मग त्या वरच्या कोर्टात गेल्या. तिथून प्रकरण परत आलं: कारणं देऊन निकाल पुन्हा लिहा. आमचे न्यायाधीश तापट, पण मनाचे सरळ. दुपारी व्हरांडा रिकामा झाल्यावर ते कागद घेऊन चक्क माझ्यावर येऊन बसले.

"बाईंचंच चुकलंय, असं मला पक्कं वाटत होतं," ते कारकुनाला म्हणाले. "पण का चुकलंय ते लिहायला बसलो, तर त्या मशीनपाशीच गाडी अडते हो!"

नवा निकाल चांगला लांबलचक झाला. दुकान बाईंकडेच राहिलं. त्या दिवशी म्हातारे दुकानमालक माझ्यावर बसले. आता आदळआपट होणार म्हणून मी अंग चोरलं. त्यांनी चष्मा पुसला, निकाल शेवटपर्यंत वाचला.

"हरलो," ते बाईंना म्हणाले. "पण माझं सगळं म्हणणं घेतलंय यात. कुठे चुकलो ते तरी कळलं." आणि बाईंना बसता यावं म्हणून ते जरा सरकले.

आता नव्या खुर्च्या आल्यात. मी जिन्याखाली पडून असतो, एक पाय डुगडुगतो. मित्रांनो, तेवढा ठोकून द्याल का? नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण मग घटकाभर माझ्यावर बसा, आणि का नाही ते सांगून जा.